वारशात आलेल्या गाड्यांपैकी आधी कोणती?

महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत जुनी गाडी विकायची पद्धत नव्हती. परवान्यांच्या काळात नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मिळालेली गाडी त्यामुळे जपली जाई आणि पुढे दुसरी आली तरी पहिली आवारातल्या शेडमध्ये सरकवली जाई. आज त्या घराची वाटणी होते तेव्हा नातवंडांच्या वाट्याला एकदम दोन-तीन गाड्या येतात. पन्नासच्या दशकातली, अवघा महाराष्ट्र जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखतो ती मिलेचेंतो, सत्तर-ऐंशीच्या दशकातली पद्मिनी किंवा अँबेसेडर आणि शेतावर राबलेली एखादी जीप. पैसा, जागा आणि उसंत मात्र एकाच गाडीपुरती असते. मग आधी कोणती उभी करायची यावर घरात चर्चा होते आणि बहुतेक वेळा कौल सर्वांत जुन्या, सर्वांत दुर्मीळ किंवा आजोबांच्या सर्वांत लाडक्या गाडीला मिळतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पहिली हातात घ्यावी ती सर्वांत साधी, सुट्या भागांनी सर्वांत पूर्ण आणि पत्र्याने सर्वांत धड असलेली गाडी. दुर्मीळ गाडी तूर्त फक्त राखावी, तिला पाना लावू नये. हे ऐकायला कोरडं वाटेल. पण अर्धवट खोलून खोक्यांत भरून ठेवलेल्या आणि पुढे भंगारात गेलेल्या गाड्या पाहिल्या की त्यात दुर्मीळ आणि लाडक्या गाड्याच जास्त दिसतात, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण पत्र्याचं. जुनी गाडी बघायला आलेला माणूस आधी विचारतो, ‘इंजिन चालू आहे का?’ प्रश्न स्वाभाविक आहे, पण निवडीच्या दृष्टीने तो दुय्यम. फियाट ११०० चं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, रचनेने अगदी सरळ. ते जाम झालेलं असलं तरी बहुतेकदा मरत नाही. स्पार्क प्लगच्या भोकांतून तेल सोडून काही दिवस मुरू द्यायचं आणि मग हाताने हलकेच फिरवून पाहायचं. सिलिंडर झिजले असतील तर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसतात, त्याही पलीकडे गेले असतील तर स्लीव्ह टाकतात; क्रँक ग्राइंड होतो, बेअरिंग नवी पडतात. हे काम करणारी वर्कशॉप तालुक्याच्या गावीही असतात, आणि एखादा भाग मिळतच नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर तो करून देणारे कारागीर आहेत. इंजिनाच्या कामाला माप असतं. सूक्ष्ममापीवर आकडा बरोबर आला की काम झालं. पत्र्याला असं माप नसतं. गंजाने खाल्लेली चौकट कुठवर सडली आहे हे कापून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि कापायला सुरुवात केली की शेवट दिसत नाही. डेंटरची मजुरी, रंग, क्रोम आणि आतलं कव्हरिंग मिळून जे बिल होतं त्यापुढे इंजिनाचा खर्च सहसा लहानच राहतो.

फियाट आणि अँबेसेडर या दोन्ही गाड्यांना स्वतंत्र चॅसिस नाही, ही गोष्ट इथे ध्यानात घ्यायला हवी. पत्र्याची कायाच गाडीचा सगळा भार पेलते. तळाचा पत्रा, दरवाज्यांखालून जाणारी पोकळ तुळई आणि दोन दरवाज्यांमधला खांब मिळून गाडीचा कणा होतो. पुढच्या काचेच्या रबरातून झिरपलेलं पावसाचं पाणी चटईखाली साचतं आणि हाच कणा आतून खातं. बाहेरचा रंग तोवर चकचकीत असू शकतो. डुक्कर फियाटमध्ये तर हा मुद्दा आणखी टोकाचा होतो. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, म्हणजे त्यांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर आहेत आणि मागच्या दरवाज्यांच्याही तिथेच. एका बाजूचे दोन्ही दरवाजे एकाच खांबाला लटकलेले. त्या खांबाचं बूड सडलं की दोन्ही दरवाजे एकदम खाली बसतात, आणि मग नुसता दरवाजा दुरुस्त करून काहीच साधत नाही.

तपासणी घरच्या घरी करता येते. लोहचुंबकाला पातळ कापड गुंडाळून मडगार्डच्या कडा, दरवाज्यांचा खालचा वीतभर भाग आणि डिकीचा तळ यांवरून फिरवायचा. चुंबक जिथे सुटतो तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. मग चटया काढून, गाडीखाली सरपटत जाऊन स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तळाचा पत्रा दाबून पाहायचा. धड पत्रा खणखणीत लागतो. सडलेला बिस्किटासारखा मोडतो. शेवटची परीक्षा दरवाज्यांची. चारही दरवाजे लावून भोवतालच्या फटी नीट बघून ठेवायच्या, मग एका बाजूला जॅक लावून गाडी थोडी उचलायची आणि त्याच फटी पुन्हा बघायच्या. फट वर अरुंद नि खाली रुंद झाली, किंवा दरवाजा अडकू लागला, तर कणा वाकतो आहे. जॅकच पत्र्यात घुसू लागला तर लगेच थांबावं. तेवढ्यावरून काय ते कळलं. हा तासाभराचा खटाटोप तिन्ही गाड्यांवर केला की निम्मा निर्णय आपोआप होतो. जीपची गोष्ट वेगळी. तिला स्वतंत्र चॅसिस असते, अंगावरचा पत्रा सपाट आणि सरळ असतो, बोल्ट सोडून बॉडी उतरवता येते. स्टँडर्ड हेराल्डलाही वेगळी चॅसिस आहे, पण तिचे तुकडे जुळवायला हात कसलेला लागतो. गाडी कुठे उभी होती यालाही फार महत्त्व आहे. सोलापूर किंवा बीडच्या कोरड्या हवेत वीस वर्षं धूळ खात पडलेली गाडी ही गिरगावात किंवा रत्नागिरीत पाच वर्षं झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा अनेकदा धड निघते.

दुसरं कारण सुट्या भागांचं, आणि इथे इतिहास साध्या गाडीच्या बाजूने उभा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट निघू लागल्या. १९६४ ला ११०० डिलाइट आली आणि तिच्याच अंगाची गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली. म्हणजे साडेतीन दशकं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि पुढचं सस्पेन्शन मुळात तेच. त्यातून मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा धंदा या गाडीवर चालला. टॅक्सीवाल्याला गाडी एक दिवसही उभी ठेवणं परवडत नसे, म्हणून क्लच प्लेट, किंगपिन, ब्रेकचे रबर, वॉटर पंप असे झिजणारे भाग बनवणारे छोटे कारखाने आणि ते विकणारी दुकानं उभी राहिली. मुंबईच्या रस्त्यावरची अखेरची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात ती बंद झाली. त्या बाजाराचा साठा आता आटत चालला आहे, पण अजून संपलेला नाही. अँबेसेडर २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिची स्थिती याहून बरी. जीपचे भागही मिळतात, कारण महिंद्राने १९४० च्या दशकात विलीज जीप जोडायला घेतल्यापासून तो वंश तुटलेला नाही. डुक्कर फियाटचं यांत्रिक सामान बरंचसं पुढच्या फियाटशी नातं सांगतं. तिची जाळी, दिव्यांच्या कडा, काचांची माळ, दरवाज्याच्या मुठी मात्र दुसऱ्या कशाच्या चालत नाहीत. म्हणून गाडी ‘पूर्ण’ आहे का हे बघताना नजर इंजिनाकडे नको, या बारीक सामानाकडे हवी. पिस्टन विकत मिळतो. फुटलेल्या मागच्या दिव्याची काच मिळायला दोन वर्षं जाऊ शकतात, आणि तोवर पैसे असूनही गाडी अर्धवटच राहते.

कायदाही याच दिशेने बोट दाखवतो, फक्त तो लक्ष देऊन वाचायला हवा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ‘विंटेज’ वाहनाची स्वतंत्र व्याख्या आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी दुचाकी वा चारचाकी या व्याख्येत बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपयांत. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. मात्र विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, देखभाल एवढ्यासाठीच तिला रस्ता मोकळा आहे. याचे दोन अर्थ निघतात. दुर्मीळ गाडीत उत्साहाच्या भरात दुसरं इंजिन बसवलं किंवा बॉडी बदलली तर ती विंटेजच्या दर्जाला मुकू शकते. आणि १९८० च्या दशकातली पद्मिनी ‘विंटेज’ नसल्यामुळेच तिची साधी फेरनोंदणी करून, पासिंग करून, पर्यावरण कर भरून ती रविवारी सकाळी भाजीलाही नेता येते. गाडी चालती राहिली की तिच्या खोडी वेळेवर कळतात, तेल फिरतं, रबर वाळत नाही. उभ्या गाडीपेक्षा वापरातली गाडी टिकते हे मेकॅनिक उगाच सांगत नाहीत.

कागद हा वारशाच्या गाडीतला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक भाग आहे. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवावं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. वर्षानुवर्षं शेडमध्ये पडलेल्या गाडीबाबत हे बहुधा कुणी केलेलं नसतं, आणि मग काका, आत्या, चुलतभाऊ सगळ्यांच्या संमतीचे कागद जमवावे लागतात. ज्या गाडीचं आरसी पुस्तक हाताशी आहे आणि ज्या गाडीवरचा चॅसिस नंबर पेन्सिलच्या ठशात स्पष्ट उमटतो, तिचं पारडं जड समजावं. चॅसिस नंबर ज्या पत्र्यावर ठोकलेला असतो तोच गंजून गेला असेल, तर रंगकाम कितीही सुंदर करा, त्या गाडीची ओळख पटवणं अवघड जाईल.

आता आक्षेप. सर्वांत मोठा आक्षेप भावनेचा असतो. आजोबा ज्या गाडीतून दवाखान्यात जात, लग्नाची वरात ज्या गाडीतून निघाली, ती सोडून कुठलीशी पद्मिनी कशी उभी करायची? या प्रश्नाचा मला आदर आहे, आणि त्याच आदरापोटी मी उलटा सल्ला देतो. पूर्ण नूतनीकरण म्हणजे गाडी पत्र्यापर्यंत खरवडणं, सीट उसवणं, नवा रंग, नवं कापड, नवं रबर. त्यात आजोबांच्या हाताने झिजलेलं स्टिअरिंग बदललं जातं, काचेवरचा जुना क्लबचा स्टिकर खरवडला जातो, त्यांनीच फाटकाला घासून पाडलेला पोचा बुजवला जातो. आठवण ज्या खुणांत आहे त्याच खुणा पुसून टाकायला आपण पैसे मोजतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ‘फिवा’ने, २०१२ मध्ये मान्य केलेल्या तुरिनच्या सनदेतही हाच विचार आहे. आहे ते टिकवणं आधी, नूतनीकरण त्यानंतर आणि गरजेपुरतंच. केलेला बदल शक्यतो उलटवता यावा आणि काय केलं त्याची नोंद राहावी. ही सनद फियाटच्या गावात आकाराला आली, हाही एक गोड योगायोग. सर्वांत लाडकी गाडी असेल तर तिला कमीत कमी हात लावा, हा त्यातून निघणारा व्यवहार्य अर्थ. ब्रेक, वायरिंग, टायर, पेट्रोलचे पाइप सुरक्षित करा, धुवा, मेण लावा आणि रंगाला राहू द्या.

दुसरा आक्षेप किमतीचा. दुर्मीळ गाडीला भाव आहे, साध्या गाडीवर केलेला खर्च वसूल होत नाही, असं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पद्मिनीवर मनापासून केलेला खर्च विकताना बहुधा परत येणार नाही. पण दुर्मीळ गाडीचा भावही तिच्या अस्सलपणाला असतो. चुकीच्या छटेचा रंग, दुसऱ्या मॉडेलचे दिवे, हातोडीने ठोकून बनवलेली ओबडधोबड जाळी लागली की जाणकार खरेदीदार तेवढा भाव कापतो. पहिल्या गाडीवर चुका होणारच. मिस्त्री कोण बरा, डेंटरला काम कसं समजावून सांगायचं, कोणत्या क्रमाने खोलायचं, प्रत्येक स्क्रू चिठ्ठी लावून का ठेवायचा, हे पुस्तकात वाचून अंगी येत नाही. पद्मिनीचं अल्युमिनियमचं हेड चुकून वाकडं झालं तर दुसरं शोधता येतं. ज्या गाडीचा जोडीदार अख्ख्या जिल्ह्यात नाही, तिच्यावर हात साफ करणं महागात पडतं. अर्थात या नियमाला अपवाद आहे. तिन्हींत दुर्मीळ गाडीच पत्र्याने सर्वांत धड आणि सुट्या भागांनी पूर्ण निघाली, तर तिच्यापासूनच सुरुवात करावी. दुर्मिळता हा दोष नव्हे, फक्त ती निवडीची पहिली कसोटी होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. ‘तूर्त राखा’ म्हणणं सोपं आहे. साध्या गाडीत चार वर्षं गेली तर तोवर दुर्मीळ गाडी सडेल त्याचं काय? राखणं म्हणजे तिच्याकडे पाठ फिरवणं असा अर्थ घेतला तर ती सडेलच. राखणं हेही काम आहे, आणि ते नूतनीकरणाच्या मानाने फारच स्वस्त पडतं. गाडी छपराखाली, फरशीवर, चार स्टँडवर उचलून ठेवायची, म्हणजे टायर आणि पाटे भारातून सुटतात. टाकी पूर्ण रिकामी करायची. आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, टाकी आतून गंजवतं आणि जुन्या रबराच्या नळ्या फुगवतं. रेडिएटर आणि ब्लॉकमधलं पाणी काढायचं, सिलिंडरमध्ये तेल सोडून महिन्यातून एकदा इंजिन हाताने फिरवायचं, बॅटरी काढून ठेवायची. तळाचा सैल गंज तारेच्या ब्रशने काढून गंजरोधक लावायचा. अंगावर प्लॅस्टिकचा कागद कधीही टाकायचा नाही, कारण त्याखाली दव जमतं. सुती कव्हर घालायचं. उंदीर वायरिंग आणि सीट दोन्ही खातात, तेव्हा सायलेन्सरचं तोंड आणि बोनेटखालच्या फटी जाळीने बंद करायच्या. एवढं केलं तर चार वर्षांत ती गाडी फारशी बिघडत नाही. धक्का मारून ‘एकदा चालू करून पाहू’ हा मोह मात्र टाळायलाच हवा. गंजलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन जबरदस्तीने ओढला की जे इंजिन तेल मुरवून सुटलं असतं ते कायमचं खराब होतं.

आपल्याकडे सगळं बनवून मिळतं, मग सुट्या भागांची एवढी चिंता कशाला, असंही कुणी म्हणेल. आपल्या कारागिरांचं कसब खरंच मोठं आहे. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून हातोडीने अख्खं मडगार्ड घडवणारे डेंटर अजून आहेत. पण ते वयस्कर झाले आहेत. फियाटचा कार्ब्युरेटर कानाने लावणारे, डेल्कोचा टायमिंग हाताने जुळवणारे मिस्त्री टॅक्सीच्या जमान्यात तयार झाले, आणि त्यांची पुढची पिढी बहुतेक या धंद्यात नाही. मला तर हे साधी गाडी आत्ताच हाती घेण्याचं सर्वांत निकडीचं कारण वाटतं. हे मिस्त्री पद्मिनी डोळे मिटून उघडतील. डुक्कर फियाटच्या बारीकसारीक बाबी त्यांनाही शोधाव्या लागतील. त्यांच्या हाताखाली पद्मिनी होताना जे शिकता येईल, ते लिहून ठेवावं, प्रत्येक पायरीचे फोटो काढावेत, परवानगी घेऊन व्हिडिओ करावेत. पुढे दुर्मीळ गाडीची पाळी येईल तेव्हा हेच साहित्य कामाला येईल.

जुन्या अंगात नवं इंजिन घालून मोकळं व्हावं, हा पर्याय काही जण सुचवतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याच्या आड येतं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या सुरुवातीला या कलमाचा अर्थ कडक लावला आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाला सोडून केलेला बदल नोंदणीच्या वेळी अडचणीचा ठरतो. शिवाय १०८९ सीसीच्या ताकदीला बेतलेल्या ब्रेकवर आणि सस्पेन्शनवर दुप्पट ताकदीचं इंजिन लादणं धोक्याचं आहे.

राहिली तिसरी गाडी, जी पत्र्याने सडली आहे, अपूर्ण आहे आणि जिच्यासाठी पुढच्या दहा वर्षांत वेळ मिळणार नाही. ती दुर्मीळ असेल तर तिचे भाग काढून विकू नयेत. त्याच मॉडेलवर काम करणाऱ्या जाणत्या माणसाला ती अख्खी द्यावी, सोबत आरसी पुस्तक, जुनी बिलं, सर्व्हिसच्या नोंदी आणि गाडीचे घरातले जुने फोटो द्यावेत, म्हणजे मूळ रंग, मूळ दिवे, मूळ कापड कसं होतं हे पुढच्याला कळेल. आणि ती साधी पद्मिनीच असेल, तर तिचे दरवाजे, काचा, दिवे, मुठी नीट काढून, चिठ्ठ्या लावून, तेल पुसून ठेवावेत, कारण शेडमधल्या दुसऱ्या पद्मिनीला त्यांतलं काहीतरी लागणारच आहे.